पाणी तुंबलं, दावा कशावर लावायचा?

जुलैमधली जोराची सर. बोरीवलीच्या एका गल्लीत घोटाभर पाणी, तर पुढच्याच गल्लीत तळमजल्यावरच्या घरांत गाद्या भिजलेल्या आणि मीटर रूममध्ये पाणी शिरल्यामुळे अख्ख्या इमारतीची वीज गेलेली. दोन्ही गल्ल्यांत पाऊस तेवढाच पडला, महापालिकाही एकच. पाणी ओसरलं की सोसायटीच्या बैठकीत कोणीतरी हमखास म्हणतं, ‘‘आता यांना कोर्टातच खेचलं पाहिजे.’’

खेचता येतं का? येतं. पण असे बरेच दावे चुकीच्या जागी बोट ठेवतात. ‘इतकं पाणी भरलं, इतकं नुकसान झालं’ हे तावातावाने सांगितलं जातं. न्यायालयाला मात्र वेगळंच विचारायचं असतं: हे पाणी कशामुळे भरलं, आणि ते टाळणं कोणाच्या हातात होतं? याचं उत्तर द्यायचं तर आधी पाण्याचा हिशेब समजून घ्यायला हवा आणि मग कायद्याचा.

एका तासात किती पाणी?

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. एक हेक्टर जागेत, म्हणजे तीन-चार मध्यम सोसायट्या मावतील एवढ्या आवारात, तासाभरात 50 मिलिमीटर पाऊस पडला तर पाच लाख लिटर पाणी जमा होतं. दहा हजार लिटरचे 50 टँकर एका तासात एकाच आवारात ओतल्यासारखं हे आहे.

मुंबईची जुनी पर्जन्य जलवाहिन्यांची व्यवस्था ताशी 25 मिलिमीटर पावसासाठी आखलेली होती. त्यातलंही निम्मं पाणी जमिनीत मुरेल, निम्मंच गटारात येईल असं गृहीत धरलेलं होतं. मोकळी मैदानं, वाड्या आणि भातखाचरं होती तोवर हे गृहीतक चाललं. आज अंगणात पेव्हर ब्लॉक, रस्त्यावर काँक्रीट आणि इमारतीभोवती पार्किंग आहे. मुरायला जागाच उरलेली नाही.

1985 च्या पुरानंतर सुरू झालेल्या अभ्यासातून 1993 मध्ये ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवाल आला. त्याने दोन्ही आकडे बदलायला सांगितले: पाऊस ताशी 50 मिलिमीटर धरा आणि ते सगळं पाणी गटारात येणार असं माना. पाऊस दुप्पट आणि गटारात येणारा वाटाही दुप्पट, म्हणजे नाल्याने वाहून न्यायचं पाणी चौपट झालं. अहवाल पुढे बरीच वर्षं रेंगाळला. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा कुठे कामांना वेग आला.

बोरीवलीचा उतार आणि खाडीची भरती

बोरीवलीच्या पूर्वेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आहेत आणि पश्चिमेला खाडी. दहिसर नदी तुळशी तलावाच्या बाजूने, समुद्रसपाटीपासून शंभर मीटरहून अधिक उंचीवरून निघते. जेमतेम बारा किलोमीटरांत श्रीकृष्ण नगर, दौलत नगर, कांदरपाडा असं करत ती मनोरीच्या खाडीला मिळते. पोयसर नदीही याच डोंगरातून उतरते. डोंगराळ भागात पाणी धावत येतं, पण वस्तीच्या सपाट भागात आल्यावर त्याचा वेग मंदावतो. वेग मंदावला की पाण्यातली माती खाली बसते. गाळ नेमका वस्तीतच साचतो, तो यामुळे. वरून त्यात राडारोडा, प्लास्टिक आणि गोठ्यांचं शेण येऊन पडतं.

दुसरी गोष्ट भरतीची. बाथरूमच्या मोरीत बादली उपडी केली तर पाणी भुर्रकन जातं. पण त्या मोरीचा पाइप बाहेर काठोकाठ भरलेल्या हौदात बुडालेला असेल, तर मोरी कितीही साफ असली तरी पाणी तुंबणारच आणि हौद वर चढला तर उलटं घरात येणार. मुंबईच्या नाल्यांची पातमुखं, म्हणजे नाले समुद्राला किंवा खाडीला मिळतात ती तोंडं, अशीच आहेत. नोंदलेल्या 186 पातमुखांपैकी 45 समुद्राच्या सरासरी पातळीच्याही खाली आहेत. 135 सरासरी पातळीच्या वर, पण भरतीच्या पातळीच्या खाली आहेत. भरतीतही मोकळी राहणारी फक्त सहा. म्हणून काही ठिकाणी पूरझडपा बसवाव्या लागतात आणि पंपांनी पाणी समुद्रात फेकणारी उदंचन केंद्रं उभारावी लागतात.

म्हणजे पाणी तुंबण्याची निदान तीन वेगवेगळी कारणं झाली: पाऊस नाल्याच्या क्षमतेपेक्षा जास्त होता, भरतीने तोंड बंद होतं, किंवा क्षमता असूनही नाला गाळाने भरलेला होता. डोळ्यांना तिन्ही वेळी दिसतं ते सारखंच, गुडघाभर गढूळ पाणी. कायद्यात मात्र या तिन्हींचं वजन सारखं नाही.

अर्धा मीटर गाळ म्हणजे किती नुकसान?

दोन मीटर रुंद आणि दीड मीटर खोल, सरळ भिंतींचा नाला घ्या. त्यात तळाला अर्धा मीटर गाळ बसला. खोली एक तृतीयांशाने कमी झाली, तेव्हा पाणीही एक तृतीयांशाने कमी वाहील असं वाटतं. प्रत्यक्षात वाहून नेण्याची क्षमता सुमारे 40 टक्क्यांनी घटते. वाहतं पाणी तळाला आणि भिंतींना घासत जातं. प्रवाह उथळ झाला की त्यातलं जास्त प्रमाणातलं पाणी या घर्षणात अडकतं आणि वेगही कमी होतो. जागा गेली ती गेली, वर वेगही गेला.

याचा अर्थ असा की ताशी 50 मिलिमीटरसाठी बांधलेला हा नाला गाळामुळे ताशी 30 मिलिमीटरच्या सरीलाच हात टेकतो. अशी सर मुंबईच्या पावसाळ्यात अपूर्वाईची नाही. आणि ओहोटीच्या वेळी, मध्यम सरीतही एखाद्या गल्लीत पाणी भरत असेल, तर संशय पावसावर नाही, गाळावर घ्यायचा.

कायदा विचारतो ते चार प्रश्न

निष्काळजीपणाबद्दल भरपाई मागायची तर चार गोष्टी दाखवाव्या लागतात. काम करणं समोरच्याचं कर्तव्य होतं. ते त्याने नीट केलं नाही. त्यामुळेच नुकसान झालं. आणि नुकसान किती झालं.

पहिला प्रश्न मुंबईत सोपा आहे. मुंबई महानगरपालिका अधिनियम 1888 च्या कलम 61 मध्ये महापालिकेची बंधनकारक कर्तव्यं दिलेली आहेत. गटारं बांधणं, राखणं आणि साफ करणं हे त्यातच येतं. कलम 63 मधल्या ऐच्छिक कामांसारखं ते मर्जीवर सोडलेलं नाही.

पण कर्तव्य कायद्यात लिहिलेलं आहे म्हणून भरपाई आपोआप मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल शेजारी ठेवले की हे कळतं. दिल्लीच्या चांदणी चौकातला महापालिकेचा घंटाघराचा मनोरा कोसळून माणसं मेली. 1966 च्या निकालात न्यायालयाने महापालिकेला जबाबदार धरलं: रस्त्याकाठची जुनी वास्तू तुमची, ती तपासणं तुमचं काम, ती कोसळली यातच निष्काळजीपणा दिसतो. राजकोटमध्ये रस्त्याकडेचं झाड अंगावर पडून एक माणूस गेला, तेव्हा 1997 मध्ये त्याच न्यायालयाने महापालिकेला भरपाईतून मोकळं केलं. झाडं लावणं आणि जपणं हे कायद्यातलं काम असलं, तरी प्रत्येक झाडाच्या प्रत्येक अपघाताचं दायित्व त्यातून येत नाही, असा त्याचा आशय. धोका यंत्रणेला माहीत होता का, निदान माहीत असायला हवा होता का, यावर बरंच काही अवलंबून राहतं.

‘एवढ्या पावसापुढे कोण काय करणार?’

महापालिकेचा पहिला बचाव ठरलेला असतो: अतिवृष्टी, म्हणजे दैवी आपत्ती. 26 जुलै 2005 च्या 944 मिलिमीटरपुढे हा बचाव वजनदार ठरतो. त्याच दिवशी कुलाब्याला अवघा 73 मिलिमीटर पाऊस झाला होता. उपनगरावर कोसळलेला पाऊस कोणत्याही आराखड्यात बसणारा नव्हता.

पण ‘पाऊस मोठा होता’ एवढं म्हणून सुटका होत नाही. स्कॉटलंडमधल्या ग्रीनॉक शहराच्या नगरपालिकेने एका ओढ्याच्या पात्रात मुलांना खेळण्यासाठी उथळ तलाव बांधला आणि ओढ्याची वाट बदलली. पुढे असाधारण पाऊस झाला, ओढा रस्त्यावर आला आणि खालच्या अंगाला रेल्वे कंपनीचं नुकसान झालं. ब्रिटिश हाउस ऑफ लॉर्ड्सने 1917 मध्ये नगरपालिकेलाच जबाबदार धरलं. ओढ्याची नैसर्गिक वाट बदलणाऱ्याने ती पहिल्यासारखीच पाणी वाहून नेईल हे पाहिलं पाहिजे, असं ते सूत्र. नद्यांना काँक्रीटच्या भिंती घालणाऱ्या आणि नाल्यांवर ढापे टाकणाऱ्या कोणत्याही शहराने ते लक्षात ठेवावं.

जपानचे दोन निकाल

क्षमता कमी पडणं वेगळं आणि देखभाल न होणं वेगळं, हा भेद जपानमध्ये फार स्पष्ट झाला. ओसाकाजवळच्या दाइतो शहरात जुलै 1972 च्या पावसात नाल्यासारख्या छोट्या नदीचं पाणी घरांत शिरलं. रहिवाशांनी सरकार, प्रांत आणि शहर या तिघांवर दावा लावला. खालच्या दोन्ही न्यायालयांत ते जिंकले. पण 1984 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला. नदीचं रुंदीकरण योजनेप्रमाणे चालू आहे, पैसा आणि वेळ मर्यादित आहे, तेव्हा काम पुरं व्हायच्या आधी पूर आला एवढ्यावरून सरकार दोषी ठरत नाही, असं ते म्हणालं.

दुसरा खटला टोकियोजवळच्या तामा नदीचा. 1974 च्या सप्टेंबरात बंधाऱ्याशेजारचा बांध फुटून कोमाए शहरात 19 घरं वाहून गेली. इथे नदीची सुधारणा आधीच झालेली होती. आखलेल्या पातळीइतकं पाणी तिने सुखरूप वाहून न्यायला हवं होतं, पण नेलं नाही. चढउतार होत होत 1992 मध्ये रहिवासी जिंकले.

दोन्हींतला धडा असा: ‘नाला मोठा का बांधला नाही’ या प्रश्नावर न्यायालयं हात आखडता घेतात, कारण तो तिजोरीचा आणि धोरणाचा विषय ठरतो. ‘बांधलेला नाला बांधल्याप्रमाणे का चालला नाही’ या प्रश्नावर यंत्रणेला तसा आडोसा मिळत नाही.

पैसे नाहीत, हे उत्तर चालत नाही

आपल्याकडे या विषयातला पायाभूत निकाल मध्य प्रदेशातल्या रतलामचा आहे. तिथल्या एका वॉर्डातले रहिवासी उघडी गटारं, मैला आणि दारूच्या कारखान्याच्या सांडपाण्याने त्रासले होते. त्यांनी बड्या न्यायालयात न जाता स्थानिक दंडाधिकाऱ्याकडे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 133 खाली, म्हणजे सार्वजनिक उपद्रव हटवण्याच्या कलमाखाली, अर्ज केला. दंडाधिकाऱ्याने नगरपालिकेला गटारं बांधायला सांगितलं. नगरपालिका ‘पैसे नाहीत’ म्हणत थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. 1980 मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तिला परत पाठवलं: लोकांच्या आरोग्याचं कायदेशीर कर्तव्य टाळायला रिकामी तिजोरी हे कारण होऊ शकत नाही. हेच कलम आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 152 क्रमांकाने आहे.

रतलामच्या रहिवाशांना रोख भरपाई मिळाली नाही. त्यांना मिळाला तो मुदत घातलेला कामाचा आदेश. तुंबणाऱ्या गल्लीला पुष्कळदा तोच जास्त उपयोगी असतो.

मुंबईत दाद कुठे मागायची?

पहिली वाट उच्च न्यायालयाची: रिट किंवा जनहित याचिका. इथे ‘अमुक नाला अमुक तारखेपर्यंत साफ करा, अहवाल द्या’ असा आदेश मिळू शकतो आणि न्यायालय वर्षानुवर्षं पाठपुरावा करू शकतं. कोणाच्या घरातला फ्रिज किती रुपयांचा होता, अशा वादाच्या तपशिलात मात्र ते सहसा शिरत नाही.

दुसरी वाट दिवाणी दाव्याची, भरपाईसाठी. इथे अधिनियमाचं कलम 527 पाहावंच लागतं. आधी लेखी नोटीस द्यायची, महिनाभर थांबायचं आणि नुकसान झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करायचा. जुलैत पाणी शिरलं असेल तर जानेवारीत मुदत संपते. दिवाळीनंतर बघू म्हणणाऱ्यांचे दावे इथेच बुडतात.

तिसरी वाट राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाची, ज्याचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे. नदीपात्रात भराव, कांदळवनात राडारोडा किंवा नाल्यात सांडपाणी असा पर्यावरणाचा प्रश्न असेल तर ती योग्य. कांदळवनांच्या बाबतीत उच्च न्यायालयानेच 2005 मध्ये अंतरिम आणि 2018 मध्ये अंतिम आदेश देऊन राज्यभर तोड आणि भराव यांना मनाई केली आहे.

प्रतिवादी कोण, हेही नीट ठरवावं लागतं. दहिसर नदी वरच्या अंगाला वन खात्याच्या हद्दीत आहे, मधे महापालिकेच्या, रुळांखालच्या मोरीपाशी रेल्वेच्या, तर शेवटी कांदळवनात. एकट्या महापालिकेला उभं केलं की ती दुसरीकडे बोट दाखवते.

उघडी झाकणं आणि सहा लाख रुपये

29 ऑगस्ट 2017 च्या पावसात बॉम्बे हॉस्पिटलचे पोटविकारतज्ज्ञ डॉ. दीपक अमरापूरकर प्रभादेवी भागात उघड्या मॅनहोलमध्ये पडून वाहून गेले. सप्टेंबर 2024 मध्ये अंधेरी पूर्वेला एमआयडीसी भागात एक महिला अशीच पाण्याखालच्या उघड्या गटारात पडून दगावली. खड्डे आणि मॅनहोल यांबद्दल उच्च न्यायालयात 2013 पासून जनहित याचिका चालू होती. 2018 मध्ये न्यायालयाने म्हटलं की चांगले, सुरक्षित रस्ते हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये त्याने पुढचं पाऊल टाकलं: खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर वारसांना सहा लाख रुपये आणि जखमींना 50 हजार ते अडीच लाख.

घरात शिरलेल्या पाण्याला असा ठरलेला दर अजून नाही. कारण सरळ आहे. उघडं झाकण म्हणजे देखभालीतली चूक, हे दाखवायला आणखी पुरावा लागत नाही. नाल्यातला गाळ मात्र पाण्याखाली असतो. तो होता हे कोणीतरी आधी नोंदवून ठेवावं लागतं.

पुरावा पावसाआधी तयार होतो

नालेसफाईची मुदत दरवर्षी 31 मे धरली जाते. किती टक्के गाळ काढला याचे आकडे जाहीर होतात. त्या आकड्यांवर विसंबून राहू नये, असं वाटायला जागा आहे: मिठी नदीच्या गाळउपशात सुमारे 65 कोटींचा गैरव्यवहार झाल्याच्या आरोपावरून आर्थिक गुन्हे शाखेने मे 2025 मध्ये गुन्हा नोंदवला. आरोप सिद्ध व्हायचे आहेत. पण कागदावरचा गाळ आणि नाल्यातला गाळ वेगळे असू शकतात, हे रहिवाशांनी गृहीत धरलेलं बरं.

मग करायचं काय? जूनच्या पहिल्या दोन दिवसांत सोसायटीच्या मागच्या उघड्या नाल्यावर जा. काठावर उभं राहूनच एक सरळ बांबू आत सोडा. तो मऊ गाळावर टेकेल तिथे काठाच्या पातळीला एक खूण, मग जोर देऊन कडक तळाला लागला की दुसरी खूण. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे गाळाची जाडी. टेप लावून, त्या दिवशीचं वर्तमानपत्र शेजारी धरून फोटो काढा. आत उतरायचं नाही, बंद मॅनहोलचं झाकणही उघडायचं नाही. मग महापालिकेच्या 1916 या मदत क्रमांकावर तक्रार करा आणि फोटोसह लेखी अर्ज विभाग कार्यालयात द्या. बोरीवलीकरांसाठी ते आर/मध्य. अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का घ्यायला विसरू नका. ‘आम्हाला माहीतच नव्हतं’ हे उत्तर त्या शिक्क्याने बाद होतं.

आवाराच्या भिंतीवर रंगाने सेंटिमीटरच्या रेघा मारून ठेवा. पाणी भरलं की कोणत्या वेळी कुठल्या रेघेपर्यंत आलं ते लिहा आणि शेजारी त्या दिवसाची भरती-ओहोटीची वेळ. जवळच्या पर्जन्यमापकाची तासागणिक नोंद आणि नालेसफाईच्या कंत्राटाची कागदपत्रं माहिती अधिकारात मागा. उत्तराला 30 दिवसांची मुदत असते. शेजारच्या इमारतीचा पुनर्विकास होऊन जोतं उंचावलं असेल किंवा रस्ता काँक्रीटचा होताना वर आला असेल, तर तेही टिपून ठेवा. नाहीतर ‘तुमची इमारतच सखल आहे’ हा बचाव अंगावर येतो.

थोडक्यात

• पाणी तुंबण्याची कारणं तीन: अपुरी क्षमता, भरती आणि गाळ. दावा सर्वांत भक्कम उभा राहतो तो गाळावर.
• गटारं साफ ठेवणं हे महापालिकेचं बंधनकारक कर्तव्य आहे (कलम 61, अधिनियम 1888).
• भरपाईच्या दाव्याआधी एक महिन्याची नोटीस. दावा सहा महिन्यांच्या आत (कलम 527).
• कामाचा आदेश हवा असेल तर उच्च न्यायालय किंवा उपद्रवाच्या कलमाखाली दंडाधिकारी. नदी-कांदळवनाचा प्रश्न असेल तर हरित न्यायाधिकरण.
• गाळाची जाडी, आवक शिक्का, पाण्याची पातळी, भरतीची वेळ आणि तासाचा पाऊस या पाच नोंदी हव्यातच.

महापालिकेवर दावा लावणं म्हणजे शहराशी वैर धरणं नव्हे. आपल्याच करातून बांधलेला नाला बांधल्याप्रमाणे चालावा, एवढंच त्यात मागणं असतं. ते मागणं न्यायालयात टिकवायचं असेल तर सोसायटीच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत रंगकामाच्या आणि पार्किंगच्या विषयांसोबत आणखी एक विषय घ्या: मागच्या नाल्याची नोंदवही कोण ठेवणार? एक नाव ठरवा आणि येत्या पावसाआधीच लिहायला लागा.